तिसरी अट

गेर्लिंगेन, ९ फेब्रुवारी २०२५

अहो,

नमस्कार. साष्टांग घालायला गुडघे तयार नाहीत, तेव्हा बसल्या जागेवरूनच घ्या.

लिहितेय ऊर्मिला, बोलतेय मी. तुमची सून माझं बोलणं मधल्या मध्ये शुद्ध करते, म्हणून पत्रात मी शिकलेली वाटले तर हुरळून जाऊ नका. "मी काही करत नाही हं आई," असं म्हणतेय. म्हटलं, हेही लिही.

फोन तुम्ही उचलत नाही. दोनदा वाजतो आणि कट होतो. म्हणजे कट करायला माणूस जागेवर आहे, एवढं कळतं. तेवढ्यासाठीच मी रोज लावते.

तुमची पहिली अट पुरी झाली. अक्कांची माफी मागितली. हृषिकेशने व्हिडिओ लावून दिला. तुमच्या बहिणीने फोन इतका जवळ धरला होता की मला नुसतं कपाळ दिसत होतं. त्या कपाळाला हात जोडून म्हटलं, "तुम्हाला न विचारता जर्मनीला आले, चुकलं." त्या म्हणाल्या, "अगं सुलेखा, तिकडे थंडी आहे का गं?" कशाची माफी ते त्यांना आठवेना. मीच आठवण करून दिली आणि मग परत मागितली.

तुम्हाला तर सांगूनच निघाले होते. ऊर्मिलाच्या मणक्याचं ऑपरेशन, आपली नात अन्वी जेमतेम दोन वर्षांची, म्हणून तीन महिने जाऊन येते म्हटलं होतं. तीन महिन्यांची दोन वर्षं झाली, ती कशी झाली ते मलाही नीट सांगता येणार नाही. आधी सून उठत नव्हती, मग उठायला लागली तर पोर मला सोडेना. हृषिकेशने कागद करून माझं इथलं राहण्याचं कार्ड काढलं. दारातून निघताना तुम्ही म्हणालात, "गेलीस, तर परत यायचं ते माझ्या अटींवर." मला वाटलं, आमची गाडी लोणंदला पोचेपर्यंत तुमचा राग उतरेल. आयुष्यभर एसटी डेपोत कंट्रोलर होतात तुम्ही. गाडी उशिरा येते हे तुम्हाला ठाऊक नाही का?

आता गंमत ऐका. परवा एक सरकारी लिफाफा आला. हृषिकेशला इथला सरकारी लिफाफा दिसला की आधी पाणी लागतं. फोडला तर माझी चिठ्ठी निघालेली! झालंय असं, की युरोपातल्या सत्तावीस देशांची मिळून एक युती आहे. बाहेर आणखी काही देश, आम्हाला आत घ्या म्हणून उभे आहेत. कुणाला घ्यावं, कुणाला नको, हे साध्या माणसांनाही विचारावं म्हणून इथे सभा भरवणार आहेत. बुर्गररात म्हणतात तिला. खरं काय ते वरचेच ठरवणार, आपण नुसतं मत द्यायचं. माणसं निवडली ती चिठ्ठ्या टाकून, इथे राहणाऱ्या सगळ्यांतून, पासपोर्ट कुठलाही असो.

हृषिकेश म्हणाला, "आई, तुला सही करता येत नाही, तू काय देशांचं ठरवणार?"

मी म्हटलं, "तुझं लग्न मीच ठरवलं. तेव्हा कुठे सही येत होती?"

ऊर्मिला हसली. हसली तरी लिहितेय, बघा. सभेचे लोक दुभाषा देतात, पण हिंदीतला. माझं हिंदी तुम्हाला माहीत आहे, भाजीवाल्यानेही हात जोडले होते. म्हणून हीच येणार माझ्याबरोबर.

तर तुमच्या दारात "येऊ का" म्हणून उभी असलेली बाई आता दुसऱ्यांना आत घ्यायचं का ते सांगणार. तुम्हाला हसू आलं नसेल तर अक्कांना वाचून दाखवा. त्यांना येईल.

सुलेखा


गेर्लिंगेन, २३ मार्च

अहो,

काल सभेची पहिली बैठक झाली. यू-सहा नावाची ट्राम आमच्या गावातून निघते ती थेट स्टुटगार्टला. मोठा हॉल, एकेका टेबलाशी आठ-आठ माणसं. मधल्या वेळात ब्रेझेल नावाची खारी गाठ देतात, लोणी लावून. तुमच्या दातांचं काम नाही ते.

सभा चालवणारी बाई फ्राऊ ब्रेंडले. भिंतीएवढा फळा. कुणी काही बोललं की ती "जा, गेनाऊ" म्हणते, म्हणजे "हो, अगदी बरोबर", आणि रंगीत कागदावर लिहून चिकटवते. सगळ्यांचंच अगदी बरोबर. एका माणसाने हो म्हटलं, दुसऱ्याने नाही म्हटलं, दोघांनाही गेनाऊ. मी ऊर्मिलाला म्हटलं, ही बाई आपल्या घरात दिली असती तर भांडणंच झाली नसती. ती म्हणाली, "आई, हळू बोला." मराठीत हळू काय आणि मोठ्यांदा काय!

आमच्या टेबलावर हेर हेफेले म्हणून एक म्हातारे आहेत. बस चालवायचे. त्यांचं म्हणणं सरळ: "आल्झो," म्हणजे तर मग, "सत्तावीस जणांचं एका गोष्टीवर एकमत होत नाही, आणखी घेऊन काय करणार? बसमध्ये जागा नसेल तर दार लावायचं." ऐकताना मला तुम्हीच बोलताय असं वाटलं. माणूस वाईट नाही. ऊर्मिलाला पाठीचा त्रास आहे कळल्यावर तिची पिशवी त्यांनीच उचलली.

माझ्या शेजारी बसते लुब्का. माझ्याहून थोडी लहान. उत्तर मॅसेडोनिया नावाचा छोटा देश आहे, तिथली. तीस वर्षं इथे कपडे अल्टर करायचं दुकान चालवलं तिने. आल्याबरोबर माझ्या ब्लाउजची बाही चिमटीत धरून शिवण बघितली आणि मान हलवली. पसंत नाही म्हणाली. फलटणच्या त्या टेलरला सांगा.

तिचा देश वीस वर्षांपासून दारात उभा आहे. मी विचारलं, एवढा वेळ का? तर ऊर्मिलाने समजावलं, आतल्या सत्तावीसपैकी एकानेही नाही म्हटलं तरी अडतं. हे मला लगेच कळलं. आपल्याकडे लग्नात एक काका रुसून बसला की वरात निघत नाही. तो काका कशावरून रुसलाय ते कुणाला धड माहीत नसतं, पण त्याला उठवायला सगळा मांडव जातो.

मी त्यांना पंगतीचं सांगितलं. गावजेवणात पहिली पंगत बसलेली असते आणि दुसऱ्या पंगतीची माणसं मागे उभी असतात, आपापली जागा धरून. जेवणाऱ्याला पाठीवर नजर जाणवते, पण तो उठत नाही, आणखी भात मागवतो. उभ्या माणसाला "भूक लागली" म्हणता येत नाही, हसत उभं राहावं लागतं. ऊर्मिलाने जर्मनमध्ये सांगितलं. फ्राऊ ब्रेंडले म्हणाली, "फार सुंदर उदाहरण," आणि हिरव्या कागदावर लिहून फळ्याच्या कोपऱ्यात चिकटवलं. त्या कोपऱ्याला ती पार्किंग म्हणते. नंतर बोलू अशा गोष्टी तिथे लावतात. दिवसभर मी बघत होते. तिथली एकही गाडी बाहेर निघाली नाही.

तुमचं पत्र आलं. दुसरी अट, इथलं कार्ड परत करून यायचं. बरं. मान्य आहे असं हृषिकेशला सांगितलं. "ठीक आहे," म्हणाला, आणि कचऱ्याची पिशवी घेऊन खाली गेला. पिशवी अर्धीच भरली होती.

आता येऊ ना?

सुलेखा


गेर्लिंगेन, २७ एप्रिल

अहो,

तुमचं पत्र ऊर्मिलाने दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना मधलं काहीतरी गाळलं. मला वाचता येत नाही, पण गाळलेलं ऐकू येतं. म्हटलं, परत वाच.

(बाबा, मी वाचणारच नव्हते. — ऊर्मिला)

तिसरी अट मग कळली. मी घरात आले, की कुंदाने त्या घरात पाऊल टाकायचं नाही. का, तर आपल्या लेकीने मला गाडीत घालून विमानतळावर सोडलं. अहो, तिने नसतं सोडलं तर मी बैलगाडीने येणार होते का? त्याच गावात दोन गल्ल्या पलीकडे राहते ती. तुमची बीपीची गोळी संपली की आणून कोण देतं? ती उंबऱ्याबाहेर ठेवून जाते आणि तुम्ही ती गेल्यावर उचलता, हे मला कळत नाही असं समजू नका.

तिचं पुढे बघू. आधी सभेचं सांगते.

काल लुब्काच्या देशाचा दिवस होता. त्यांच्या देशाचं नाव आधी नुसतं मॅसेडोनिया होतं. शेजारचा ग्रीस म्हणाला, या नावाचा भाग आमच्याकडे आहे, ते नाव तुम्ही लावायचं नाही. बरीच वर्षं अडवून धरलं. शेवटी यांनी नावापुढे "उत्तर" लावलं. पाट्या बदलल्या, पासपोर्ट बदलले. मला वाटलं, झालं, आता आत घेतील. तर दुसरा शेजारी उठला, बल्गेरिया. तो म्हणाला, आता तुमच्या घटनेत आमच्या माणसांचा उल्लेख घाला. परत सगळं अडलं.

मी ऊर्मिलाला म्हटलं, सांग यांना. बाईचं लग्न झालं की नाव बदलायची आमच्यात रीत आहे. ताटात तांदूळ पसरतात, नवरा त्यात अंगठीने नवं नाव लिहितो. माहेरची मी हौसा. तुम्ही तांदळात काय लिहिलंत, मला कुठे वाचता येत होतं! सगळे ताटाकडे बघतायत, मीही बघतेय. शेवटी तुमच्या मावशीला कानात विचारलं, "माझं नाव काय हो?" सुलेखा. म्हणजे सुरेख अक्षर. अक्षरशत्रू बायकोला हे नाव ठेवणारा नवरा मी तरी दुसरा पाहिला नाही. पण एक आहे. नाव बदलल्यावर तुमच्या आईने मला दारात उभं ठेवलं नाही. माप ओलांड म्हणाल्या आणि आत घेतलं. नाव घेतलं की घर द्यायचं, एवढं तरी आपल्यात होतं.

मग मी विचारलं, एक अट पुरी झाली की तिच्या जागी नवी घालणार नाही, असं तुम्ही लिहून देता का? फ्राऊ ब्रेंडले म्हणाली, "हा फार महत्त्वाचा प्रश्न आहे." कागद गुलाबी होता या वेळी. पार्किंगमध्ये गेला.

हेर हेफेले म्हणाले, तसं लिहून दिलं तर उद्या आत आलेल्याने घाण केली की काढणार कसं? त्यांचंही खोटं नाही. आत घेतलेल्याला बाहेर काढता येत नाही, हे मला कुणी शिकवायला नको. तुमचा धाकटा भाऊ आठ दिवसांसाठी आला होता, अकरा वर्षं राहिला.

मधल्या सुट्टीत लुब्काने बाटली काढली, भाजलेल्या लाल मिरचीचं वाटण. आय्वार म्हणतात. मी बोट बुडवून चाखलं. ठेच्याची बहीण, पण माहेरी लाडात वाढलेली, तिखटपणाच नाही. तिला खुणेने सांगितलं, लसूण कमी. तिने खुणेने सांगितलं, गप खा.

कुंदाचं मी अजून काही ठरवलं नाही. तुम्ही ही अट रागाने लिहिली असेल. अटीभोवती वर्तुळ काढून खाली रेघ मारलीय म्हणाली ऊर्मिला. तरी रागच असेल.

माझी तब्येत उत्तम आहे.

(दोन दिवस नीट जेवल्या नाहीत. — ऊर्मिला)

सुलेखा


गेर्लिंगेन, १८ मे

अहो,

तुमचं उत्तर नाही. गेल्या आठवड्यात मी रोज फोन केला, तो कटही झाला नाही. वाजत राहिला. शेवटी कुंदाला विचारलं. म्हणाली, "बाबा बरे आहेत गं, ओट्यावर बसून पेपर वाचतायत, मला बघून पेपर तोंडापुढे धरला." बरं वाटलं. पेपर उलटा नव्हता ना, विचारायचं राहिलं.

काल शेवटची बैठक झाली, मत द्यायची. प्रत्येकाला तीन कार्डं दिली. हिरवं म्हणजे तारीख ठरवून आत घ्या. लाल म्हणजे नको. पिवळं म्हणजे सगळ्या अटी पुऱ्या झाल्या की घेऊ.

आधी दुसरे देश झाले. पहिलं युक्रेन. घरावर बॉम्ब पडतायत अशा माणसाला, तुमचे हिशेब दाखवा, हे म्हणायची कुणालाच हौस नव्हती आणि म्हणावं तर लागत होतं. अल्बानियाच्या वेळी मी पिवळं दाखवलं. का, ते विचारू नका. दमले होते. हिरवं दाखवलं की "का?" विचारतात, लाल दाखवलं तरी विचारतात. पिवळं दाखवलं की कुणी काही विचारत नाही, चहा येतो.

मग लुब्काचा देश आला. फ्राऊ ब्रेंडलेने तिला म्हटलं, तुम्ही काही सांगाल का? लुब्का उठली. ऊर्मिला माझ्या कानाशी सांगत होती, ते तसंच तुम्हाला सांगते.

"माझा मुलगा इथे आहे. मुलगी व्हिएन्नात नर्स आहे. माझ्या गल्लीतली पोरं एकेक करून सगळी आत आली, कुणी काम करायला, कुणी शिकायला. तिथे आता माझा भाऊ आणि त्याची गाय आहे. तुम्ही कुणाला आत घ्यायचं ते ठरवताय ना? आत येणारे केव्हाच आले."

आणि बसली. फ्राऊ ब्रेंडले गेनाऊ म्हणाली नाही. पहिल्यांदाच.

मत घेतलं तेव्हा लुब्काने एकही कार्ड उचललं नाही. तिन्ही टेबलावर पालथी ठेवून चष्मा पुसत बसली. मी हिरवं धरलं. हेर हेफेलेंनी लाल धरलं आणि तिच्याकडे बघून म्हणाले, "माफ करा, पण माझं मत हेच आहे." ती म्हणाली, "तुम्ही निदान लाल दाखवलंत." हॉलभर बाकी सगळं पिवळं. सूर्यफुलाच्या शेतासारखं. सगळी भली माणसं हो. निघताना तिला मिठ्या मारत होती, फोटो काढत होती.

घरी येताना ट्राममध्ये मी विचार करत होते, की गेली दोन वर्षं तुमच्याकडून मी हिरव्याची वाट बघतेय आणि लालला घाबरतेय. लाल तुम्ही एकदाही दाखवलं नाहीत. तेवढी हिंमत तुमच्यात नाही आणि मला सोडायचंही नाही. तुम्हाला मी दारात उभी हवी आहे. आत आले तर वाद संपेल, निघून गेले तर तुमचा दिवस कसा जायचा?

हे लिहू का, असं ऊर्मिला विचारतेय. लिही.

सुलेखा


गेर्लिंगेन, ८ जून

अहो,

तुमचं पत्र मिळालं. एवढंच: "तिसऱ्या अटीचं काय झालं? मग चौथी सांगतो."

पहिली मानली. त्यात माझं काही गेलं नाही, अक्कांना करमणूक झाली. दुसरीही मानणार होते. तिसरी मानत नाही. चौथी सांगू नका, ऊर्मिलाला इथे कामं आहेत.

कुंदाला मी कुणाच्याही दारासाठी बाहेर ठेवणार नाही. तुम्ही म्हणाल, लेकीसाठी नवऱ्याला सोडलं. सोडलं नाही. तुमच्या दाराशी उभं राहणं सोडलं. अर्ज मागे घेतला म्हणा. सभेत मी विचारलं होतं, एखाद्या देशाने कंटाळून अर्ज मागे घेतला तर? "तसं करता येतं," म्हणाले. आइसलँड नावाच्या देशाने म्हणे मागेच तसं केलं. मासे पकडतात, मजेत आहेत.

इथलं कार्डही परत करत नाही. वर्षातून एकदा अन्वीला बघायला यायचं असेल तर लागेल. काल ती बॅग भरताना बघत होती. तिला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र जर्मनच. म्हणाली, "ओमा, नाइन," म्हणजे आजी, नाही, आणि मी घातलेल्या साड्या एकेक करून बाहेर काढल्या. मी परत घातल्या, तिने परत काढल्या. संध्याकाळपर्यंत आमचं तेच चाललं. शेवटी ऊर्मिला मध्ये पडली, आणि तीच रडायला लागली म्हणून मग आम्ही तिघींनी आइस्क्रीम खाल्लं. हृषिकेश आला तेव्हा संपलं होतं.

ऊर्मिलाची पाठ आता बरी आहे. ती मला जा म्हणत नाही आणि राहा म्हणत नाही. आत्ता लिहिता लिहिता थांबलीय. लिही गं.

(हो आई. — ऊर्मिला)

पुढच्या शनिवारी विमान मुंबईला उतरतं. कुंदा गाडी घेऊन येणार आहे. उतरणार मी तिच्याकडे. दोन खोल्या आहेत, मागे न्हाणी, पुढे गॅलरी. राहायचं तिथेच. लोक विचारतील, नवरा गावात असून बाई लेकीकडे का? विचारू देत. सकाळी भाजीला तुमच्या गल्लीवरूनच जावं लागेल, मंडई तिकडेच आहे. ओट्यावर बसला असलात तर पेपर तोंडापुढे धरायची गरज नाही, मी काही थांबणार नाही. गुडघे दुखतात, थांबलं की पुन्हा चालवत नाही.

तुमच्यावर राग नाही. होता, पण तो सांभाळायलाही जोर लागतो, आणि माझा जोर पिशव्या उचलण्यात जाईल.

चारच्या सुमारास कुंदा बँकेतून येते, तेव्हा मी चहा टाकते. तुम्हाला वाटलं तर या. आधी कळवायला नको, कुणाची माफी मागायला नको, कुंदाही असेल आणि तुम्हाला बसायला खुर्ची ओढून देईल, तो तिचा स्वभाव. नाही आलात तर तुमच्या वाटणीचा चहा मी पिईन, फुकट जाणार नाही.

चपला तेवढ्या बाहेर काढा. ही अट नाही. कुंदाने फरशी पुसलेली असते.

सुलेखा